सेमारांगमध्ये मुक्काम: सखल कोटा लामा की टेकडीवरचे चांडी बारू?

इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांताची राजधानी असलेल्या सेमारांग या बंदराच्या शहरात नोकरी, संशोधन किंवा शिक्षणाच्या निमित्ताने काही महिने राहायचे ठरले, की भाडे आणि अंतर यांच्या आधी घराची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी लागते. तेथील लोक स्वतःच्या शहराचे ‘सेमारांग बावाह’ आणि ‘सेमारांग आतास’, म्हणजे खालचे आणि वरचे सेमारांग, असे दोन भाग सहज बोलण्यात करतात. शहराचा मध्यभाग समुद्रापेक्षा जेमतेम अडीच-तीन मीटर उंच आहे. तेथून काही किलोमीटर दक्षिणेला असलेले चांडी बारू सुमारे ९० मीटरांवर, तर त्याच्याही पुढचे गोंबेल २७० मीटरांच्या आसपास आहे. खालच्या भागातील कोटा लामा आणि वरच्या भागातील चांडी बारू या दोन वस्त्यांमध्ये निवड करणाऱ्यासाठी ही तुलना आहे.

कोटा लामा म्हणजे जुने शहर. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तटबंदीच्या आत वसलेला हा सुमारे ३१ हेक्टरांचा भाग आहे. तट १८२४ मध्ये पाडला गेला, पण आतल्या रस्त्यांची आखणी बऱ्याच अंशी तशीच राहिली. जालान लेतजेन सुप्राप्तो या मुख्य रस्त्यावर १७५३ चे ब्लेन्डुक चर्च आहे. त्याचा आजचा तांब्याचा घुमट आणि दोन मनोरे १८९४-९५ च्या दुरुस्तीत आले. उत्तरेला १९१४ चे तावांग रेल्वे स्थानक आहे. इंडोनेशियातील पहिला लोहमार्ग १८६७ मध्ये याच शहरातून तांगुंगपर्यंत सुरू झाला, आणि आजही जकार्ताहून येणाऱ्या जलद गाड्या पाच-सहा तासांत प्रवाशाला तावांगला, म्हणजे जुन्या शहराच्या दारातच, आणून सोडतात. गेल्या दशकाच्या अखेरीस सरकारने येथे फरसबंदी, दिवे आणि गटारांची मोठी कामे केली. त्यानंतर गोदामे आणि कचेऱ्यांच्या इमारतींत उपाहारगृहे, कलादालने आणि छोटी हॉटेले आली. पायी फिरण्याची हौस असणाऱ्याला एवढा सोयीचा भाग या शहरात दुसरा नाही: एका बाजूला जोहार बाजार, थोडे दक्षिणेला पेचिनान ही चिनी वस्ती, तिच्यातील गांग लोंबोक गल्लीत ताय काक सी मंदिर, आणि आठवड्याच्या अखेरीस भरणारा सेमाविसचा रात्रबाजार.

तरीही कोटा लामा हा पाहण्याचा भाग आहे, राहण्याचा कमी. जुन्या इमारती बहुतांशी व्यवसायाकडे गेल्यामुळे महिन्याच्या भाड्याने मिळणारी घरे थोडीच आहेत. सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि गाण्याबजावण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालतो. पण या गोष्टी सोसता येण्याजोग्या आहेत. खरा प्रश्न पाण्याचा आहे.

सेमारांगचा उत्तर भाग नदीने आणलेल्या कोवळ्या गाळावर वसला आहे. तो गाळ स्वतःच्या आणि इमारतींच्या भाराने दबत जातो, आणि कारखाने व वस्त्या खोल विहिरींतून भूजल उपसत असल्यामुळे जमीन अधिकच वेगाने खचते. किनाऱ्यालगतच्या काही जागी हे खचणे वर्षाला अनेक सेंटीमीटर आहे. परिणामी भरतीचे पाणी गटारांतून आणि ओढ्यांतून उलटे वस्तीत शिरते. याला तेथे ‘रोब’ म्हणतात. मुंबईकराला भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी तुंबते हे ठाऊक आहे, मात्र रोबला पावसाची गरज नसते. तो मे-जूनमध्ये, कोरड्या आकाशाखालीसुद्धा येतो. २३ मे २०२२ रोजी बंदराच्या परिसरातील बांध फुटून तांजुंग एमासच्या कारखान्यांत कमरेइतके पाणी शिरले ते असेच. पावसाळ्यातील पूर वेगळा: ६ फेब्रुवारी २०२१ ला तावांग स्थानक पाण्याखाली गेले आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. स्थानकासमोरचा मोठा तलाव शोभेसाठी नाही; पाणी साठवून पंपांनी बाहेर फेकण्याच्या व्यवस्थेचा तो भाग आहे. या व्यवस्थेमुळे कोटा लामाची स्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हे मान्य करावे लागेल. पण पंपांच्या भरवशावर कोरडी राहणारी वस्ती आणि मुळातच कोरडी वस्ती यांत फरक आहे, आणि तळमजल्यावर पुस्तके, यंत्रे किंवा लहान मुले घेऊन राहणाऱ्याने तो विसरू नये.

चांडी बारूचा जन्म खालच्या शहराच्या अडचणींतूनच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी खालच्या शहरात कॉलरा, मलेरिया आणि प्लेग यांनी थैमान घातले होते, आणि औषधविक्रेता व नगरपालिकेचा सदस्य असलेला टिलेमा हा आरोग्यदायी घरांसाठी वस्ती टेकड्यांवर न्यावी असा आग्रह धरत होता. नगररचनाकार थॉमस कार्स्टेन याने १९१६ च्या सुमारास चांडी बारूचा आराखडा केला. त्याने रस्ते सरळ रेषेत न आखता टेकडीच्या उतारानुसार वळवले, त्यामुळे चढ सौम्य झाला आणि अनेक घरांना खालचे शहर व समुद्र दिसू लागला. जोहार बाजाराची छत्रीसारख्या खांबांची इमारतही कार्स्टेनचीच. ती २०१५ च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाली आणि पुढे दुरुस्त करण्यात आली. म्हणजे दोन्ही वस्त्यांवर एकाच माणसाचा हात आहे, आणि दोन्हींपैकी एक निवडण्याचा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे.

आज चांडी बारूत मोठी झाडे, रुंद आवारे, दिपोनेगोरो उद्यान आणि १९२७ मध्ये सुरू झालेले सेंट एलिझाबेथ रुग्णालय आहे. पायथ्याशी कारियादी हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. हवा खालच्यापेक्षा जाणवण्याइतकी हलकी असते. जातिंगालेहून सोलोकडे जाणारा टोल रस्ता जवळ पडतो, आणि दिपोनेगोरो विद्यापीठाचा तेंबालांग येथील मुख्य परिसर त्याच दिशेला असल्याने प्राध्यापक आणि संशोधक यांना हा भाग सोयीचा आहे. उणिवाही आहेत. दुचाकी किंवा मोबाइलवरून बोलावलेली गाडी नसेल, तर दुपारच्या उन्हात चढ चढणे नकोसे होते. हातगाड्या आणि छोट्या खानावळी मुख्य रस्त्यांवरच सापडतात. आणि घरे ऐसपैस असल्याने संपूर्ण घराचे भाडे एकट्या माणसाला जड जाते. पाण्याचा धोका येथे दुसऱ्या रूपात येतो: उतारावर माती कापून किंवा भराव घालून केलेल्या नव्या वसाहतींत पावसाळ्यात दरडी आणि संरक्षक भिंती कोसळतात. कार्स्टेनच्या जुन्या आखणीतील घर आणि त्याच्या मागच्या कड्यावर अलीकडे उभे राहिलेले घर यांना एकाच मापाने मोजू नये.

खाण्याच्या बाबतीत कोटा लामाचा भाग निःसंशय वरचढ आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबांचे सारण भरलेली लुंपिया ही गुंडाळी पेचिनानमध्ये खावी. शाकाहारी माणसाने मात्र दोन्हीकडे सारखेच सावध राहावे, कारण ताहू गिंबाल या टोफूच्या पदार्थात कोळंबीची भजी असते, आणि दिसायला निव्वळ भाजी-टोफू असलेल्या पदार्थांच्या चटणीतही ‘तेरासी’ किंवा ‘पेतिस’ ही कोळंबीपासून केलेली वाटणे मिसळलेली असतात. स्वयंपाकघर असलेली खोली मिळणे चांडी बारूत अधिक शक्य आहे.

दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम, एकटा माणूस आणि वास्तू, इतिहास किंवा छायाचित्रणाचे काम असेल, तर मी कोटा लामाच सुचवेन, मात्र वरच्या मजल्यावरची खोली घेऊन. कुटुंब, वृद्ध आईवडील किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ असेल, तर चांडी बारूला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंपांग लिमा हा मॉल आणि हॉटेलांचा मधला भाग अनेक जण तडजोड म्हणून निवडतात. तो सोयीचा आहे, पण उंचीने खालच्या शहरातच मोडतो, हे ध्यानात ठेवून निवडावा.

कोटा लामातील घर पाहायला जाताना पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा, भरतीच्या वेळेचा दिवस निवडावा. दाराचा उंबरा रस्त्यापेक्षा किती वर आहे, भिंतीच्या तळाशी ओलीचा पट्टा आहे का, आणि फरशी यापूर्वी किती वेळा उंचावून घेतली आहे, हे तीन प्रश्न मालकाला विचारावेत. चांडी बारूत असेच प्रश्न घरामागच्या संरक्षक भिंतीबद्दल विचारायचे: ती कधी बांधली, तिच्यातून पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली आहेत का, आणि वरच्या आवारातील पावसाचे पाणी कोणत्या गटारात उतरते.