सेमिनरीत नवीन येणाऱ्यांसाठी – फॅमिली क्वार्टर्समधून रिव्ह्यू

माझे मिस्टर पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजात, बी.डी. (ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पदवी) करतायत, जून २०२३ ला आम्ही नगर जिल्ह्यातून इथे आलो, मी, ते आणि आमची सहा वर्षांची मुलगी. आता तिसरं वर्ष संपत आलंय. दर एप्रिल-मे मध्ये मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कोणाचा ना कोणाचा फोन येतोच की ताई आमच्या मुलाला सेवेत जायचंय, सेमिनरी कशी आहे, आणि मग फी किती, कोर्स किती वर्षांचा एवढंच विचारतात. तिथे गेल्यावर पहिले सहा महिने पोराला कोण विचारतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्याच गोष्टीचा, शिक्षणाच्या क्वालिटीवर लिहायला मी विद्यार्थी नाही.

नाव लिहीत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं मला रोज भेटतात. पुण्यात तशा सेमिनऱ्या बऱ्याच आहेत, कॅथलिक लोकांची पेपल सेमिनरी १९५५ ला श्रीलंकेतल्या कँडीहून नगर रोडला आली, बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती ती १९८३ मध्ये इथे आली. आमची ह्या दोन्हींपैकी नाही, बरीच छोटी आहे.

पहिला दिवस सांगते. टेम्पो गेटवर थांबला तेव्हा पाऊस सुरू, गादी भिजायला लागलेली, मुलगी रडतेय आणि आमच्या ओळखीचं तिथे एक माणूस नाही. मिस्टर ऑफिसात किल्ली आणायला गेले आणि ते परत येईपर्यंत चार मुलं छत्री वगैरे काही न घेता धावत आली, दोन नागालँडची, एक ओडिशाचा आणि एक तमिळ, कोणी काही विचारलं नाही, गादी डोक्यावर घेतली आणि चालू पडले. वर पोचलो तर क्वार्टरच्या दाराला एक कागद चिकटवलेला. त्यावर सोमवार ते रविवार वार लिहिलेले आणि प्रत्येक वारासमोर एका घराचं नाव. मला वाटलं झाडलोटीच्या पाळ्या असतील. तर तो आमच्या जेवणाचा कागद होता, पहिले सात दिवस रात्री आम्ही कोणाकडे जेवायचं त्याचा. गॅस कनेक्शन लागेपर्यंत नवीन फॅमिलीने चूल पेटवायची नाही असा इथला रिवाज आहे. कुठल्याही नियमावलीत तो नाही, क्वार्टर्समधल्या बायकांनीच कधीतरी सुरू केला आणि जुन्या गेल्या तरी नव्या चालवतात. मला ह्या सेमिनरीबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी तो कागद दाखवेन. सात दिवसात सात घरं बघून होतात, कोणाकडे मिक्सर आहे, कोणाच्या मुलाला शाळेची व्हॅन येते, कोणाला रात्री दोन वाजता दार वाजवलेलं चालतं हे सगळं न विचारता कळतं. ओरिएंटेशनच्या दोन दिवसात आम्हाला लायब्ररीचे नियम आणि चॅपलची वेळ सांगितली, ते पण लागतंच, पण मी तगले ती त्या सात जेवणांवर.

जेवणाचं सांगते कारण नवीन माणसाला सगळ्यात आधी तेच जड जातं. मेसमध्ये दोन्ही वेळ भात असतो. ईशान्येकडची आणि दक्षिणेकडची मुलं जास्त त्यामुळे ते बरोबरच आहे, पण आमच्यासारख्या भाकरीवर वाढलेल्या माणसाचं पोट पहिले पंधरा दिवस भरतच नाही. शेजारी नागा कुटुंब आहे, त्यांच्याकडे अखुनी शिजते, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याचा वास मला पहिल्यांदा आला तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती, आज मी ती चटणी भाताबरोबर खाते आणि ती बाई माझ्याकडून ठेचा करायला शिकली. फक्त ती त्यात राजा मिरची घालते आणि मग आमच्या घरात कोणी खाऊ शकत नाही.

आता फॅमिली ग्रुप. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला एका प्रोफेसरच्या ग्रुपमध्ये टाकतात, बारा-तेरा जण, त्यात हॉस्टेलची मुलं-मुली, लग्न झालेले, सगळे मिक्स. दर गुरुवारी संध्याकाळी सरांच्या घरी जमायचं, थोडं गाणं, थोडी प्रार्थना आणि मग चहा घेत गप्पा. ऐकायला साधं वाटतं पण हा ग्रुप कसा निघेल ते पूर्णपणे त्या प्रोफेसरवर आणि त्यांच्या घरातल्यांवर आहे आणि इथे नशिबाचा भाग येतो. आमच्या ग्रुपच्या मॅडमनी मला स्वतः स्कूटरवर बसवून मुलीच्या शाळेत नेलं, जूनच्या मध्यात कोण ॲडमिशन देतं, तीन शाळा फिरलो तेव्हा कुठे मराठी माध्यमाच्या शाळेत झालं. दुसऱ्या एका ग्रुपमध्ये मात्र वर्षभरात पाच-सहा वेळाच जमले, सरांचे बाहेरगावचे दौरे असायचे. त्या मुलांना वाली कोण? ग्रुप ठेवायचाच तर तो भरतोय की नाही हे कोणीतरी बघायला हवं.

आता मोठी तक्रार, इंग्रजी. मिस्टर बी.ए. आहेत, मराठी घेऊन झालेले, गावात उभं राहून अर्धा तास बोलले तर म्हातारी माणसं रडतात इतकं चांगलं बोलतात. इथे पहिल्या सेमिस्टरला त्यांना वर्गात काय चाललंय तेच कळेना. लेक्चर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत आणि वरून ग्रीक, तीही इंग्रजीतून शिकायची. रात्री पुस्तक समोर घेऊन नुसते बसलेले असायचे. नोव्हेंबरमध्ये मला म्हणाले, आपण परत जाऊ, माझं बोलावणं खोटं असेल. ज्या माणसाने प्रार्थना करून, आईवडिलांना समजावून, चालू नोकरी सोडून हा निर्णय घेतला त्याने इंग्रजीच्या एका पेपरमुळे देवाच्या बोलावण्यावरच शंका घ्यावी ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यातून बाहेर काढलं ते एका मल्याळी सिनियरने. रोज रात्री नऊ ते साडेदहा, मेसच्या टेबलावर, चार महिने. त्याचा स्वतःचा थिसिस चालू होता तरी. मिस्टरांना उत्तर आधी मराठीत लिहायला लावायचा, मग दोघं मिळून त्याचं इंग्रजी करायचे, त्याला मराठी येत नव्हतं म्हणून मधे हिंदी. सेमिनरीने इंग्रजीचे जादा तास लावले ते जानेवारीत, निम्मी पोरं पहिल्या सेमिस्टरला आपटल्यावर. माझं म्हणणं एवढंच की ॲडमिशन देताना मुलगा कुठल्या माध्यमातून शिकलाय ते फॉर्मवर लिहिलेलं असतं ना, मग मे महिन्यातच बोलवा, सहा आठवडे फक्त वाचायला आणि लिहायला शिकवा. डिग्री बंगालमधल्या सेरामपूरची आहे, त्या सेरामपूर कॉलेजची, १८१८ मध्ये ज्यांनी सुरू केलं त्यात इंग्रज मिशनरी विल्यम केरी होते, आणि ह्याच केरींनी वैजनाथ पंडितांना हाताशी घेऊन १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट घेणाऱ्याच्या कॉलेजची डिग्री घेताना मराठी मुलाला आपण कमी आहोत असं वाटू नये, त्याला एक पूल बांधून द्यावा, बाकी मेहनत तो करतो.

बायकांचं थोडं वेगळं लिहिते. नवऱ्याला ॲडमिशन मिळते, बायकोला मिळत नाही पण राहायचं तिनेच असतं आणि उद्या गावात पाळकबाई म्हणून सगळ्यांच्या अडीअडचणीला तिलाच जायचंय. इथे आठवड्यातून दोन दुपारी बायकांचा वर्ग असतो, बायबल, संडे स्कूल कसं घ्यायचं, प्रथमोपचार, थोडं समुपदेशन, थोडं इंग्रजी. वर्ग खरंच चांगला आहे, मी मंडळीत चार माणसात बोलायला तिथेच शिकले. पण वेळ दुपारी दोनची आणि लहान मुलांना सांभाळायची सोय शून्य, त्यामुळे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्या बाळंतपण झालेल्या मुलीच घरी बसायच्या. आम्ही तीनदा अर्ज दिला. दीड वर्ष गेलं, आता मागच्या वर्षापासून एक खोली आणि एक मावशी मिळालीय. दीड वर्ष लागायला नको होतं, पण झालं म्हणून सांगितलं पाहिजे.

आम्ही आलो त्या वर्षी मणिपूर पेटलेलं होतं. ३ मे पासून मैतेई आणि कुकी-झो लोकांमध्ये हिंसाचार चालू होता. आमच्या खालच्या मजल्यावर मणिपूरमधल्या चुराचांदपूरची एक फॅमिली, पाईते (कुकी-झो जमातींपैकी एक) बोलणारी. ती बाई आमच्या आधी एक वर्ष आलेली, आम्हाला बुधवारी जेवायला तिच्याकडेच होतं. आम्ही जेवत होतो आणि ती दर पाच मिनिटांनी फोन बघत होती, तिकडे इंटरनेट बंद, साधा फोन लागला तर लागला. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी नवीन. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं की तिच्या माहेरचं घर राहिलेलं नाही. आणि तरी त्या बाईने आमच्यासाठी भात रांधला होता, माझ्या मुलीसाठी वेगळं, बिनतिखटाचं. त्या पूर्ण टर्ममध्ये चॅपलनंतर काही जण मागे थांबून मणिपूरसाठी प्रार्थना करायचे. हॉस्टेलमध्ये एक मैतेई ख्रिस्ती मुलगा होता, पहिले काही दिवस तो येऊन मागच्या बाकावर बसायचा, कोणाशी बोलायचा नाही. एक दिवस ह्या बाईचा नवरा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. भाषण नाही, काही नाही, फक्त बसला. त्यानंतर तो रोज तिथेच बसायचा. सेमिनरीने तिकडच्या मुलांची मेसफी वर्षभर मागितली नाही, सुट्टीत हॉस्टेल त्यांच्यासाठी उघडं ठेवलं कारण जायला घर नव्हतं. ह्या बाबतीत मी व्यवस्थापनाला पैकीच्या पैकी देते, मनापासून.

पण हेच व्यवस्थापन शांतपणे खचणाऱ्या मुलाला ओळखत नाही. पहिल्याच सेमिस्टरला हॉस्टेलमधला एक मुलगा बॅग घेऊन गेला, कितीतरी जणांना चार दिवसांनी कळलं. समुपदेशक आहेत, बुधवारी येतात, पण त्यांची खोली ऑफिसला लागून, बाहेर बाकडं, आत कोण गेलं ते सगळ्या जगाला दिसतं. जो मुलगा उद्याचा पाळक म्हणून आलाय, ज्याला त्याच्या चर्चने शिफारसपत्र देऊन पाठवलंय, तो त्या बाकड्यावर कसा बसेल, उद्या कोणी गावाकडे कळवलं तर? ती खोली लायब्ररीच्या मागे हलवा, खर्च काहीच नाही. मी हे मीटिंगमध्ये पण बोललेय.

पैशाचं पटकन. स्पॉन्सरचे पैसे वेळेवर येत नाहीत हे धरूनच चाला, दोन महिन्यांचा घरखर्च गाठीला ठेवून या. लायब्ररीत आणि बागेत काम करून फी कमी करायची सोय आहे, लाजू नका, सगळे करतात. रविवारी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या चर्चमध्ये सेवेला पाठवतात तेव्हा बायको-मुलं एकटी पडतात, तर पहिल्याच महिन्यात जवळची मराठी उपासना शोधून ठेवा.

आणि महिन्यातून एकदा चॅपल मराठीत असतं त्याची तारीख चुकवू नका. गेल्या ऑगस्टला मिस्टरांनी 'उपासना संगीत' ह्या आमच्या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातलं रेव्हरंड टिळकांचं गाणं घेतलं, हार्मोनियम आणि टाळ. आमच्या नगरात टिळक म्हटलं की नारायण वामन टिळकच, आमच्या आजीच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो होता. मी डोळे मिटून गात होते आणि मागून अचानक चार सुरांत तेच गाणं यायला लागलं, मिझो आणि नागा मुलांनी शब्द रोमन अक्षरात लिहून घेऊन आठवडाभर बसवलं होतं, आम्हाला न सांगता. ळ कोणाला जमत नव्हता. माझ्या मिस्टरांचा हात हार्मोनियमवर थांबला, त्यांना पुढे वाजवताच येईना, तर मुलांनी तसंच बिनसाथीचं शेवटपर्यंत म्हटलं.

रेटिंग द्यायचं तर शेजाऱ्यांना पाचपैकी पाच, फॅमिली ग्रुपला चार (आमच्या), इंग्रजीच्या मदतीला दोन, समुपदेशनाला दीड.

ह्या जूनमध्ये झारखंडहून एक फॅमिली येतेय, बाळ आठ महिन्यांचं आहे असं ऑफिसातून कळलं. ह्यावेळी दारावरचा कागद मी लिहितेय. मंगळवार माझ्याकडे ठेवलाय. कोणी तिकडचं इथे वाचत असेल तर एवढं सांगा, आठ महिन्यांच्या बाळाला तुमच्याकडे काय भरवतात?