ट्यूबवाला जुना सीबी लिनियर घेताय? आधी आतले फोटो मागा

मी ओहायोत राहतो, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, जुन्या व्हॅक्यूम ट्यूबच्या (काचेच्या व्हॉल्व्हच्या) पेट्यांचा नाद आहे. मागच्या थंडीत ऑनलाइन जाहिरात बघून ७० च्या दशकातला एक सीबी लिनियर, म्हणजे सीबी (सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांसाठीचा) रेडिओची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर, ४५० डॉलरला घेतला आणि पार फसलो, तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

सीबीला एएमवर (आवाज पाठवायची साधी जुनी पद्धत) कायद्याने ४ वॅटच, म्हणून तेव्हा लोक चोरून असले लिनियर लावायचे, १९७८ मध्ये एफसीसीने (अमेरिकेतली रेडिओचे नियम करणारी सरकारी संस्था) त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. सीबीवर ते आजही बेकायदाच, मला सीबीच्या शेजारच्या १० मीटरच्या हॅम बँडसाठी बदलून घ्यायचा होता. यात बऱ्याचदा रंगीत टीव्हीच्या स्वीप ट्यूब (पडद्यावर किरण फिरवणाऱ्या) असतात, ६एलक्यू६ वगैरे, तेव्हा त्या स्वस्त होत्या. आता नव्या बनत नाहीत, त्यामुळे सगळी किंमत ट्यूबमध्ये आणि फसवाफसवी पण तिथेच.

विकणारा म्हणाला चारही ट्यूब कोऱ्या, कपॅसिटर सगळे नवीन. पेटी आली, वीज न देता आधी उघडली. ट्यूबवरची अक्षरं एकदम ताजी पण पिनांवर ओरखडे, म्हणजे सॉकेटमध्ये बसून आलेल्या. एकीच्या काचेवर आतून जो चंदेरी डाग असतो ना, गेटर, तो दुधासारखा पांढरा झालेला. म्हणजे आत हवा शिरलीय, ट्यूब गेली. (अक्षरं अंगठ्याने पुसली गेली म्हणून ट्यूब खोटी ठरवू नका, अस्सल जुन्यांचीही पुसतात.)

मग कपॅसिटर. वर नवीकोरी निळी प्लास्टिकची नळी चढवलेली, ब्लेडने कापली तर आत जुनाच डबा, त्यावर ७६१४, म्हणजे १९७६ चा चौदावा आठवडा! हे चुकून होत नाही हो, कुणीतरी बसून नळ्या चढवल्यात. फार राग आला. मेसेज केला तर ब्लॉक. पैसे मी ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने (ऑनलाइन पैसे ओळखीच्यांना पाठवायचा पर्याय, त्यात खरेदीचं संरक्षण नसतं) पाठवलेले, त्यामुळे तक्रारीचा रस्ताच बंद, तेवढं कधीही करू नका.

पैसे द्यायच्या आधी प्रत्येक ट्यूबच्या गेटरचा आणि पिनांचा जवळून फोटो मागा, कपॅसिटरच्या खालच्या बाजूचा पण मागा. डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावून चालू पेटीचा व्हिडिओ मागा आणि त्यात तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिसू दे. तो टाळाटाळ करायला लागला की सोडून द्या. आणि घरी आल्यावर उघडणार असाल तर प्लग काढून कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका, ७००-८०० व्होल्ट असतात त्यात.