चोवीस इंची मॉनिटर, सोळा इंची टेबल : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

परवा माझ्या मॉनिटरला वीज पुरवणारा नवा अ‍ॅडॉप्टर एकदाचा हातात पडला. एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मला या मॉनिटरबद्दल जेवढं कळलं, तेवढं आधीच्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं, म्हणून आता सविस्तर लिहायला बसले आहे.

घणसोलीत सिडकोच्या इमारतीत आमचं छोटं घर आहे. मी घरून मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. हॉलच्या भिंतीला फोल्डिंग टेबल ठोकून घेतलंय. ते भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत सोळा इंच भरतं. त्याहून मोठं टेबल लावलं तर रात्री सासूबाईंची गादी पसरता येत नाही. बजेट नऊ हजारांचं होतं. नोव्हेंबरमध्ये लॅमिंग्टन रोडला जाऊन २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर ८,६०० रुपयांना घेतला आणि लोकलने घरी आणला.

दुकानदार २७ इंची घ्या म्हणत होता, हजार-दीड हजारच जास्त होते. मी त्याला माझीच एक फाइल दोन्ही पडद्यांवर उघडायला लावली आणि ‘वर्षांनी’ हा शब्द बघितला. रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात ना, २७ वर त्यांचा एकच ठिपका झाला होता. कारण साधं आहे. फुल एचडीत ठिपके तेवढेच असतात, पडदा मोठा झाला की ते विरळ होतात. २७ ला एका इंचात साधारण ८२ बसतात, २४ ला ९२. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण ‘वर्षानी’ आणि ‘वर्षांनी’ यांतला फरक शोधणं हेच माझं काम आहे. मराठी मजकुरात दिवस घालवणाऱ्यांनी फुल एचडीमध्ये २७ घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पडद्याबद्दल तक्रार नाही. रंग ठीक आहेत, दुपारचं ऊन खिडकीतून आलं तरी वाचता येतं. स्पीकर नाहीत, मला नकोच होते. पंचवीस वॉट धरले आणि रोज आठ तास चालवला, तरी महिन्याला सहा युनिटच होतात.

खरा त्रास पायांनी दिला. मॉनिटरच्या पायांनी. घेताना मी पडद्याची रुंदी मोजली, कपाटाच्या दारात येत नाही ना ते पाहिलं, पण स्टँड पुढून मागे किती जागा खातो ते मोजायचं सुचलंच नाही. तो नऊ इंच खातो. त्यातच वीज आणि एचडीएमआय (लॅपटॉपवरून चित्र आणणारी वायर) या दोन्हींच्या पिना सरळ मागे निघतात, त्यामुळे मॉनिटर भिंतीला टेकतही नाही. पुढे राहिलेल्या जागेत कीबोर्ड ठेवला की मनगटं हवेत राहायची आणि पडदा डोळ्यांपासून सव्वा फुटावर यायचा. उंची कमी-जास्त करायची सोय नाही, फक्त पडदा थोडा मागेपुढे कलतो. शब्दकोशाचे दोन जाड खंड खाली घालून उंची मिळवली, अंतर काही मिळालं नाही. जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी मान धरायची. २२ इंची घ्यायला हवा होता, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगतही होते.

ते मत मी मागे घेते. शिवणकामाच्या डब्यातली टेप घेऊन एकदा नीट हिशोब केला. डेमी आकाराची (पुस्तकांचा एक नेहमीचा आकार) समोरासमोरची दोन पानं मूळ आकारात २८ सेंटीमीटर जागा घेतात. शेजारी लेखकाची मूळ प्रत, म्हणजे ए-फोरचं पान, २१ सेंटीमीटर. एकूण ४९. माझा पडदा ५२.७ सेंटीमीटर रुंद आहे, त्यात हे सगळं बसतं. २२ म्हणून मिळणारा मॉनिटर प्रत्यक्षात साडेएकवीस इंचांचा, रुंदी ४७.६. तिथे मूळ प्रतीची कड कापली गेली असती. मॉनिटर बरोबर निवडला होता, पायच काढून टाकायला हवे होते.

मागच्या बाजूला १०० बाय १०० मिलिमीटरवर चार भोकं आहेत, ज्याला वेसा माउंट म्हणतात. काही मॉडेलांना ७५ बाय ७५ असतात. स्वस्तातल्या काहींना नसतातच, आणि तिथेच आपण फसतो. मार्चमध्ये १,४०० रुपयांचा दुमडणारा आर्म, म्हणजे मॉनिटर भिंतीवर धरून ठेवणारा दांडा, आणला. त्याला चार मिलिमीटर जाडीचे, म्हणजे एम-फोर स्क्रू लागतात. लांबी माहितीपुस्तिकेत बघूनच घ्या. जास्त लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आत इजा होऊ शकते. टेबल पूर्वी बाहेरच्या भिंतीला होतं. तिथे पावसाळ्यात ओल येते, गिलावा फुगतो, गिट्टी धरत नाही. सुताराकडून टेबल आतल्या भिंतीला हलवून घेतलं आणि आर्मही तिथेच बसवला. आता डोळ्यांपासून पडदा पावणेदोन फूट भरतो, टेबल पूर्ण मोकळं आहे आणि मान दुखायची थांबली.

आणि मग जुलै. वीज गेली, दहा मिनिटांनी आली, मॉनिटर आलाच नाही. दिवासुद्धा लागेना. शेजारच्या मुलाकडे याच कंपनीचा, याच मॉडेलचा मॉनिटर आहे. त्याचा अ‍ॅडॉप्टर आणून लावला आणि पडदा लगेच लागला. म्हणजे दोष कुठे ते पाच मिनिटांत कळलं. कंपनीला हेच सांगितलं, तरी माणूस येऊन बघेल म्हणाले. तो सहाव्या दिवशी आला. भिंतीकडे बघून म्हणाला, “ताई, स्टँड काढलाय, भिंतीवर लावलाय. वॉरंटी बसत नाही.”

मी पुस्तिकेतलं पान काढलं. “दादा, भिंतीवर लावायची पद्धत तुमच्याच कंपनीने छापली आहे. स्क्रूचं मापसुद्धा दिलंय. मग वॉरंटी कशी जाते?” त्याने पानाचा फोटो काढला, वर पाठवतो म्हणाला. पुढचा आठवडा नुसते फोन. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बिल, पुस्तिकेचं पान आणि तारखा घेऊन तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी कंपनीचाच फोन आला आणि अ‍ॅडॉप्टर मंजूर झाला. मला राग अ‍ॅडॉप्टर गेल्याचा नाही. तीन वर्षांची वॉरंटी किमतीत धरलेली असताना, स्वतःच छापलेलं पान नाकारून माणसाला परत पाठवायचं, याचा आहे. त्या दिवसांत १४ इंची लॅपटॉपवर एक अख्खं प्रवासवर्णन तपासलं, डोळे चुरचुरायचे.

इथे दुसरं एक मत बदललं. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे वायरींचा पसारा, असं मी सुरुवातीपासून म्हणत होते. पण वीजपुरवठा मॉनिटरच्या आत असता तर अख्खा मॉनिटर उतरवून सर्व्हिस सेंटरला न्यावा लागला असता. वॉरंटीनंतर कधी गेला तर त्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, तीच पिन असलेला, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा अ‍ॅडॉप्टर बाजारातून आणता येईल. व्होल्ट मात्र तंतोतंत जुळले पाहिजेत. नवा अ‍ॅडॉप्टर मी सर्ज प्रोटेक्टरवर (विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणाऱ्या बोर्डावर) लावलाय आणि जमिनीवरून उचलून टेबलाखाली हुकाला टांगलाय.

मॉनिटर बघायला जाल तेव्हा दुकानदाराला तो फिरवायला सांगा. भोकं आहेत का, पिना खाली निघतात की मागे, पाय किती लांब आहेत, हे आधी बघा. खाली निघणाऱ्या पिना असतील तर दोनशे रुपये जास्त द्यायला माझी हरकत नाही.

रात्री आर्म दुमडून मॉनिटर भिंतीला लावते, टेबल पाडते आणि सासूबाईंची गादी पसरते. काढलेले पाय खोक्यासकट माळ्यावर आहेत. वॉरंटीची अजून सव्वादोन वर्षं बाकी आहेत, तोवर ते तिथेच राहतील.