चूक पोटात घालणारी गाडी: अठरा वर्षांच्या चालकासाठी चार पर्याय

आमच्या मुलीला अठरावे वर्ष पूर्ण झाले आणि हिंगणा मार्गावरील महाविद्यालयात रोज जाण्यासाठी तिला कोणती गाडी द्यावी, हा प्रश्न घरात उभा राहिला. सहा लाखांच्या आत बसणारे चार पर्याय समोर होते: दारात उभी असलेली 2014 ची स्विफ्ट, शोरूममधून घ्यायची नवी वॅगन आर, टाटाची वापरलेली टियागो आणि टाटाचीच वापरलेली पंच. हे चारही मी मुलीला बरोबर घेऊन तपासले. नागपुरातील ज्या आईवडिलांसमोर हाच निर्णय आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून तो आढावा येथे मांडते.

आधी वयाविषयी, कारण या बाबतीत आपल्याकडे फार सैलपणा आहे. चारचाकी चालवण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी फुटाळ्याच्या रस्त्यावर मुलाच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचावे. पुढचे सारे विवेचन लर्निंग लायसन्स काढून, किमान तीस दिवसांनी चाचणी देऊन पक्का परवाना मिळवलेल्या मुलामुलींसाठी आहे.

पहिला पर्याय घरच्या स्विफ्टचा. नातेवाइकांचा सर्वाधिक आग्रह याच पर्यायासाठी होता आणि त्यामागचे कारण प्रत्येकाने एकाच वाक्यात सांगितले: शिकायला जुनीच गाडी बरी, ठोकली तरी फार नुकसान नाही. हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण त्यात हिशेब फक्त पत्र्याचा आहे. आमच्या स्विफ्टच्या प्रकारात एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएसही नाही. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या स्विफ्टची समोरून धडक देऊन चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी शून्य तारे मिळाले होते. याच गाडीने आम्ही दहा वर्षे रामटेकपासून पचमढीपर्यंत प्रवास केला, तिच्याविषयी माझ्या मनात माया आहे. परंतु घरात सर्वांत कमी अनुभव ज्याच्याकडे आहे, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण देणारी गाडी द्यायची, हे मला कोणत्याही बाजूने पटले नाही. पहिल्या वर्षी चूक होणार हे गृहीतच धरायला हवे, म्हणून पहिली गाडी चूक पोटात घालणारी असावी. या कसोटीवर स्विफ्ट पहिल्याच फेरीत बाद झाली.

राहिलेल्या तिन्ही गाड्यांची तुलना बहुतेक लोक ताऱ्यांवरून करतात, पण तारे वाचताना चाचणीचे साल पाहणे आवश्यक आहे. टियागोला जानेवारी 2020 मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, पंचला ऑक्टोबर 2021 मध्ये पाच, आणि वॅगन आरला 2019 मध्ये दोन व 2023 मध्ये एक. 2022 च्या मध्यात ग्लोबल एनकॅपचे नियम कडक झाले आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचा विचारही गुणांकनात आला. त्यामुळे टियागोचे चार तारे आणि वॅगन आरचा एक तारा शेजारी शेजारी ठेवणे बरोबर नाही. तुलना करायचीच असेल तर जुन्या नियमांखालील चार आणि दोन यांची करावी. दुसरे असे की, 2025 पासून वॅगन आरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग मिळू लागल्या आहेत आणि 2023 ची चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीवर झाली होती. म्हणून तो एक तारा आजच्या गाडीच्या माथी जसाच्या तसा मारणे अन्यायाचे होईल. मात्र एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याचा भक्कमपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शोरूममधील विक्रेता सहसा पहिलीच बोटांवर मोजून दाखवतो.

कागदावरचे आकडे पाहून झाल्यावर आम्ही एक साधा प्रयोग केला, आणि मला वाटते निम्मा निर्णय त्यातच झाला. प्रत्येक गाडी सपाट जागी उभी करून मुलीला चालकाच्या आसनावर बसवले, मागच्या डाव्या कोपऱ्याशी एक प्लास्टिकचे स्टूल ठेवले आणि ते तिला मान वळवून दिसेपर्यंत पाऊल पाऊल मागे सरकवत नेले. वॅगन आर यात सरस ठरली. तिच्या काचा मोठ्या, बसण्याची जागा उंच आणि चारही कोपरे डोळ्यांच्या आवाक्यात असल्याने नवशिक्याला गाडी कुठे संपते याचा अंदाज लगेच येतो. पंचमध्ये समोरचे उत्तम दिसते, परंतु काचेशेजारचा, छत पेलणारा मागचा खांब रुंद आणि मागची काच लहान असल्यामुळे स्टूल बराच वेळ दडून राहिले. टियागो मागच्या बाजूला मध्यम, पण तिचा पुढचा खांब जाड आहे. लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकात उजवीकडे वळताना एक स्कूटर त्या खांबाआड पूर्ण लपली आणि मुलीने मान पुढे काढून पाहिले तेव्हाच ती दिसली. ज्या चौकात आठ दिशांनी दुचाक्या येतात, तेथे हा दोष लहान म्हणता येणार नाही. आसन उंच करून आणि मान हलवण्याची सवय लावून तो कमी होतो, नाहीसा होत नाही.

याच वेळी आणखी एक माप घ्यावे. चालकाची छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक अंतर हवे, कारण उघडणारी एअरबॅग त्याहून जवळ बसलेल्या माणसाला इजा करू शकते. आमची मुलगी ठेंगणी आहे. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून ती आसन इतके पुढे ओढत असे की अंतर वीतभरही उरत नसे. आसनाची उंची कमी-जास्त करण्याची सोय बहुधा वरच्या प्रकारांतच मिळते. सर्वांत स्वस्त प्रकार ठरवण्याआधी ज्याला गाडी चालवायची आहे त्याला प्रत्यक्ष बसवून पाहिलेच पाहिजे.

ताकदीचा मुद्दा मुलांना पहिला वाटतो, मला शेवटचा. एक लिटर इंजिनाची वॅगन आर सुमारे 67 अश्वशक्तीची, टियागो 86 आणि पंच 88 च्या आसपास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना, पाच जण बसवून आणि एसी लावून वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलावर चढताना वॅगन आरला धाप लागते हे खरे. पण कॉलेजला एकटीने जाणाऱ्या मुलीला तेवढी ताकद पुरते, आणि मागच्या आसनावर चार मित्र बसून वेग वाढवायला सांगत असतील तर कमी ताकद हा गुणच आहे. समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो आणि तेथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणून पहिले वर्षभर तो आमच्या घरात वर्ज्य ठरला. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत ताशी 80 ओलांडताच इशारा वाजतो, हा नियम अशा घरांसाठी उपकारक आहे.

गिअरच्या बाबतीत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, सोपी आहे, सीताबर्डीच्या गर्दीत डावा पाय दुखत नाही, हे मान्य. परंतु मॅन्युअल गाडीत नवशिक्याची चूक बहुतेक वेळा इंजिन बंद पाडते आणि गाडी जागीच थांबते. क्लचचे पेडल नसलेल्या गाडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी पुढे झेपावते. पहिल्या वर्षासाठी मी मॅन्युअलच सुचवेन. सीएनजीचा विचार आम्ही फार केला नाही: टाकीने डिकी भरते, आणि पुण्या-मुंबईच्या मानाने नागपुरात पंप कमी आहेत. विजेवरची टियागो आमच्या आवाक्याबाहेर होती.

आता नवी की वापरलेली. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि नव्या-जुन्यांच्या किमतींतले अंतर घटले. तरीही नव्या गाडीवर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल वाहनाला 11 टक्के रस्ता कर आणि तीन वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा एकरकमी भरावा लागतो, आणि पहिला ओरखडा पडला की सगळ्या घराचा जीव खालीवर होतो. मुलगी गाडीला जपण्याच्या धास्तीत चालवू लागली तर रस्त्यावरचे लक्ष उडते. तीन-चार वर्षे वापरलेल्या गाडीत ही धास्ती कमी असते. फक्त 2022 किंवा त्यानंतर बनलेलीच गाडी घ्यावी, कारण पुढच्या दोन्ही एअरबॅग सर्व मोटारींना तोपर्यंत सक्तीच्या झाल्या होत्या, आणि एबीएस त्याआधीच.

वापरलेली गाडी नागपुरात घेताना एक तपासणी विशेष महत्त्वाची आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी आसपासच्या वस्त्यांत शिरले आणि घराखाली उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यांपैकी काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. आम्ही पाहिलेली एक पांढरी पंच बाहेरून आरशासारखी होती, किंमतही मोहात पाडणारी. सोबत आलेल्या मेकॅनिक काकांनी मागच्या आसनाचा पट्टा हळूहळू ओढत पूर्ण बाहेर काढला, आणि एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी गाळाची वाळलेली रेघ निघाली. त्यांनी चटई उचलली तर आसनाच्या रुळांना गंज. एअरबॅगचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा सामान्यतः दोन आसनांच्या मध्ये, तळाशीच बसवलेला असतो. त्यात पाणी गेले असेल तर पाच तारे असूनही धडकेच्या क्षणी काहीच उघडणार नाही, अशी शक्यता राहते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर दिवा मुद्दाम काढला असल्याचा संशय घ्यावा आणि व्यवहार तेथेच थांबवावा. विक्रेत्याने पुराचा उल्लेखही केला नव्हता याचा मला आजही राग आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा वर्षांचे रबर आपल्या उन्हात आणि तापलेल्या सिमेंट रस्त्यांवर विश्वासाचे राहत नाही. टायर बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा. छिंदवाडा, सिवनी किंवा रायपूरहून आलेल्या परराज्यातील गाड्या स्वस्त दिसतात, पण त्यांना तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील रस्ता कर आणि नवा क्रमांक लागतो. तो खर्च मिळवल्यावर एमएच-31 किंवा एमएच-49 ची गाडी बहुधा सारख्याच भावात पडते. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा नाही ना, हे मात्र कुठल्याही गाडीचे पाहावेच.

या सगळ्यातून माझा कौल असा निघाला. घरात तिसरी-चौथी व्यक्तीही तीच गाडी चालवणार असेल, वापरलेल्या गाडीची पारख करणारा माणूस हाताशी नसेल आणि वापर शहरापुरताच असेल, तर सहा एअरबॅगची नवी वॅगन आर घ्यावी. तिच्यातून दिसते सर्वांत चांगले, वळते ती सर्वांत सहज, आणि इटवारी-महालच्या गल्ल्यांत त्याचे मोल कळते. रोजचा प्रवास ट्रक-टिप्परांच्या रस्त्यावरचा असेल, जसा हिंगणा एमआयडीसीकडे किंवा कामठी मार्गावर असतो, तर मजबूत सांगाड्याला प्राधान्य द्यावे. तेथे पूर न पाहिलेली, 2022 नंतरची पंच मिळाली तर उत्तमच. मागचे दिसण्यासाठी कॅमेरा बसवून घ्यावा. तशी पंच आम्हाला सहा लाखांत मिळाली नाही. आम्ही 2022 ची, एका मालकाची, मॅन्युअल टियागो घेतली, चारही टायर बदलले आणि पुढच्या खांबाचा दोष माहीत असूनही ती स्वीकारली.

नोंदणी कोणाच्या नावे करावी, हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विम्यातील 15 लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असते, म्हणजे ज्याच्या नावे गाडी आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यासाठी. गाडी वडिलांच्या नावे आणि चालवणार मुलगी, अशा वेळी ते संरक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. अठरा पूर्ण झालेली असल्याने ती स्वतः मालक होऊ शकते. म्हणून आरटीओतील हस्तांतरणाच्या अर्जावर खरेदीदाराच्या रकान्यात तिनेच सही केली.