कम्पॅशनेट रिलीजचे कागद करून देणारी सर्व्हिस: एक स्टार, पैसे भरायच्या आधी हे वाचा

कम्पॅशनेट रिलीज म्हणजे म्हातारपण, आजारपण अशा कारणांसाठी शिक्षा संपायच्या आधी होणारी सुटका. साडेतीन हजार डॉलर गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते वाया गेलेल्या पाच महिन्यांचं, कारण माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि फेडरल म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तुरुंगात आहेत, आणि या वयात पाच महिन्यांत माणूस किती उतरतो ते आम्ही प्रत्येक भेटीत डोळ्यांनी बघतोय.

आधी केस काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासूबाई अमेरिकन, माझा नवरा त्यांचा धाकटा मुलगा. २००१ मध्ये अटक झाली तेव्हा त्या ४७ च्या होत्या. त्यांच्या तेव्हाच्या पार्टनरचा मेथ नावाच्या ड्रगचा धंदा होता. यांनी काय केलं, तर त्याचे फोन घेतले, निरोप दिले आणि सामान ठेवायची एक खोली स्वतःच्या नावावर भाड्याने घेतली. चूक केली, त्या स्वतःही तसंच म्हणतात. पण कॉन्स्पिरसीच्या, म्हणजे गुन्ह्याच्या कटाच्या कायद्यात तुमच्या हातात किती माल होता एवढंच बघत नाहीत, सगळ्या टोळीने मिळून जेवढा विकला आणि ज्याची तुम्हाला कल्पना असायला हवी होती ते सगळं वजन तुमच्या खात्यावर चढतं. बाकीच्यांनी गुन्हा कबूल करून साक्ष दिली, तो पार्टनरसुद्धा कधीच बाहेर आलाय, आणि यांनी ट्रायल घेतली म्हणून यांना ३५ वर्षं. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच नाही, त्यामुळे चांगल्या वागणुकीबद्दल वर्षाला ५४ दिवसांची सूट, म्हणजे गुड टाइम, धरला तरी २०३१ उजाडणार.

आता सर्व्हिसबद्दल. नाव लिहीत नाही, वकिलाने तसा सल्ला दिलाय. वेबसाइट एकदम छान, आजी नातवाला मिठी मारतेय असा फोटो. फोनवरचा माणूस गोड बोलला, म्हणाला ड्रग्जच्या केसमध्ये जन्मठेप भोगणारी ॲलिस जॉन्सन सुटली ना, तशाच तुमच्या सासूबाई सुटतील. आम्ही त्यावरच विरघळलो. नंतर कळलं की ॲलिस जॉन्सन २०१८ मध्ये सुटली ती राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा कमी केली म्हणून, त्याचा अर्ज वेगळा, तो जातो वेगळ्या ठिकाणी, आणि हे लोक जे कागद करून देतात ते जातात शिक्षा देणाऱ्या कोर्टात, जजसमोर. म्हणजे पहिल्या फोनलाच चुकीची माहिती दिली होती आणि आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

सहा आठवड्यांनी ११ पानी मोशन, म्हणजे कोर्टात द्यायचा अर्ज, आलं. मी रात्री स्वयंपाकघरात बसून वाचलं. चौथ्या पानावर सासूबाईंचा उल्लेख पुरुष असल्यासारखा, सातव्या पानावर डायलिसिसचा उल्लेख, यांना डायलिसिस नाहीच, यांचे गुडघे गेलेत, हृदयाचा त्रास आहे आणि एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. कोणा दुसऱ्याचा मजकूर तसाच उचलून चिकटवलेला. मला त्या दुसऱ्या माणसाचंही वाईट वाटलं, त्याच्या घरच्यांनीही असेच पैसे भरले असणार.

सर्वात मोठी चूक मात्र आम्हाला तेव्हा कळलीच नाही. त्यांनी आधार घेतला होता ७० वर्षं वय आणि ३० वर्षं शिक्षा भोगलेल्यांच्या कलमाचा. ते कलम थ्री स्ट्राइक्सखाली, म्हणजे तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला सक्तीची जन्मठेप देणाऱ्या कायद्याखाली, जन्मठेप झालेल्यांसाठी आहे, सासूबाईंना त्यातलं काहीच लागू नाही, आणि त्यांची आत २४ वर्षं झालीत, ३० नाही. यांच्यासाठी खरं कलम सरळ आहे, १ नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नियमात स्पष्ट लिहिलंय: वय ६५ पूर्ण, वयामुळे तब्येत गंभीरपणे ढासळलेली, आणि १० वर्षं किंवा शिक्षेचा ७५ टक्के भाग, यातलं जे कमी असेल तेवढं भोगून झालेलं. त्यांनी ते लावलंच नाही.

त्यात भर म्हणजे वॉर्डनकडे, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाकडे, आधी अर्ज केल्याचा पुरावाच जोडला नव्हता. २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टपासून कैदी स्वतः कोर्टात जाऊ शकतो, पण आधी वॉर्डनला लेखी मागणी करायची आणि ३० दिवस थांबायचं. सासूबाईंनी मागणी केली होती हो, आतून कॉप-आउटचा, म्हणजे तुरुंगातल्या लेखी विनंतीचा, फॉर्म भरून दिला होता, पण त्याची कॉपी मागवायची सर्व्हिसवाल्यांना सुचलं नाही. जजने दोन पानांत मोशन परत पाठवलं. रिफंड मागितला तर म्हणाले काम पूर्ण झालेलं आहे.

फोनवर हे सासूबाईंना सांगायचं होतं आणि १५ मिनिटांनी लाइन कट होते, तर नवरा पहिली दहा मिनिटं हवापाण्याचंच बोलत बसला. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, चारचा काउंट आहे, मला उभं राहायला वेळ लागतो, ठेवते. दुपारी चारला कैद्यांच्या मोजणीसाठी सगळ्यांनी उभं राहायचं असतं, त्या बंकचा दांडा धरून दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढतात, आणि खालचा बंक मिळावा म्हणून लोअर बंक पास लागतो तो त्यांना कितीतरी महिन्यांनी मिळाला होता.

मग कोणीतरी सांगितलं की फेडरल पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपींची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या, ऑफिसला पत्र लिहा. फुकट. आम्हाला माहीतच नव्हतं की पुष्कळ ठिकाणी हे ऑफिस अशा जुन्या केसेस घेतं. तिथल्या वकीलबाईंनी आधी सासूबाईंशी स्वतः बोलून घेतलं, मग मेडिकल रेकॉर्ड मागवलं, सहाशेच्या वर पानं आली आणि त्यांनी ती खरंच वाचली. २४ वर्षांत एकही शॉट नाही, म्हणजे शिस्तभंगाची एकही नोंद नाही, हे पहिल्याच पानावर घेतलं. फेडरल शिक्षांचे नियम ठरवणाऱ्या सेंटेन्सिंग कमिशनचा २०१७ चा अभ्यास जोडला, सुटताना वय ६५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी आठ वर्षांत पुन्हा अटक झाली ती १३.४ टक्के लोकांना, आणि २१ च्या आतल्यांपैकी ६७.६ टक्के. त्यांना पाच स्टार, दहा असते तर दहा.

तुमचं कोणी आत असेल तर आधी शिक्षा दिलेल्या जिल्ह्याच्या डिफेंडर ऑफिसला लिहा, वॉर्डनला दिलेल्या अर्जाची तारखेसकट कॉपी जपून ठेवा, आणि पैसे घेणाऱ्याला एकच विचारा, कुठल्या कलमाखाली अर्ज करणार आणि ते आमच्या माणसाला का लागू पडतं. उत्तर देता आलं नाही तर फोन ठेवा.

नवीन मोशन आता जजकडे आहे. सुटका द्यायची की नाही ते सर्वस्वी जजच्या हातात, आम्ही आशा ठेवून आहोत. वकीलबाईंनी रिलीज प्लॅनसाठी, म्हणजे सुटल्यावर कुठे नि कसं राहणार याच्या आराखड्यासाठी, घराचे फोटो मागितले होते, म्हणून नवऱ्याने खालच्या बाथरूममध्ये टॉयलेटशेजारी आणि शॉवरमध्ये स्टीलचे दांडे बसवले, मी स्वतः लोंबकळून बघितलं हलतात का. फोटो पाठवले. गेल्या भेटीत सासूबाईंनी विचारलं दांडा कुठल्या हाताला आहे, त्यांचा उजवा खांदा दुखतो. डाव्या हाताला आहे.