पीटरसन नाइटकॅप : पहिल्या धुरावरून ठरवू नका

पीटरसन नाइटकॅप या पाइपच्या तंबाखूचा 50 ग्रॅमचा डबा उघडला की आधी धूर नाकात शिरतो. चुलीत भाजलेल्या वांग्याचं साल सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, तोच. त्यामागून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपलेचा. व्हॅनिला-चेरीच्या गोड मिश्रणांवर वाढलेला माणूस इथेच नाक मुरडतो आणि फसतो. या तंबाखूतला खरा ऐवज पाइपची अर्धी वाटी जळून गेल्यावर हाती लागतो.

धुराचा वास येतो तो लटाकियामुळे. नाव सीरियातल्या बंदराचं, पण हल्ली पान मुख्यतः सायप्रसचं. बारीक पानाची ओरिएंटल तंबाखू आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली मस्तकी, मर्टल, पाइन अशा सुवासिक लाकडांची धुरी आठवडेच्या आठवडे देतात. पान काळंकुट्ट होतं. हा वास पानात मुरलेला असतो, वरून शिंपडलेला नव्हे. जोडीला आंबटसर ओरिएंटल, गोडव्यासाठी व्हर्जिनिया आणि थोडी पेरीक. पेरीक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यातली. ती लाकडी पिंपात दाबून लोणच्यासारखी मुरवतात, आणि घशाशी मिऱ्याचा झटका देते ती हीच. हे मिश्रण आधी डनहिलच्या नावानं निघायचं. त्या नावाखाली पाइपची तंबाखू 2018 साली बंद झाली आणि डब्यावर पीटरसन आलं.

निपाणी इथून, कोल्हापुरातून, तासाभरावर, त्यामुळे तिकडचं पान चुलीवर धुरवून घरीच लटाकिया करावी असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. जमत नाही. निपाणीची तंबाखू विडीसाठी पिकवलेली, जाड आणि कडक. तिला धूर दिला तर वरवर बसतो, आणि पाइपमध्ये ती तापून जीभ सोलते. नाइटकॅपमध्ये मिसळून डबा पुरवायचा विचारही सोडून द्या.

आता ओलाव्याचं बघू, कारण कोल्हापुरात या तंबाखूची चव निम्मी त्यावरच ठरते. नव्या डब्यातली तंबाखू पाइपच्या मानानं ओलसरच असते. मध्यम वाटीला अडीच ग्रॅम लागते. तेवढी कागदावर पसरून ठेवा, उन्हाळ्यात 15 ते 20 मिनिटं, हिवाळ्यात अर्धा तास. जुलैत ती नुसती ठेवून वाळत नाही, उलट हवेतलं पाणी ओढते. तेव्हा पेटता टेबललॅम्प वर धरायचा, दहा मिनिटांनी चिमटीत दाबून पाहायचं. गोळा तसाच राहिला तर ओली. कुरकुरली तर जास्त वाळली. सोडल्यावर सावकाश उलगडली की भरायला घ्या.

भरताना पहिला थर नुसता सोडायचा, बोट लावायचं नाही. दुसरा अलगद दाबायचा. तिसरा जरा जोर देऊन, काठाच्या थोडा खाली राहील असा. न पेटवता एकदा ओढून पाहा. नळीतून उसाचा रस ओढताना लागतो तेवढाच अडथळा जाणवला पाहिजे. दम लागत असेल तर ओतून पुन्हा भरा, कारण घट्ट भरलेली वाटी नंतर टोकरून सुधारत नाही. काडी लाकडी घ्या आणि गुलाची गंधकाची वाफ जाऊ द्या. पहिल्या पेटवणीत तंबाखू फुगून वर येते. ती हलक्या हातानं बसवून दुसऱ्यांदा पेटवली की निखारा टिकतो.

पहिली दहा मिनिटं धूर आणि कातडं. मग गोडवा वर यायला लागतो, काकवी तळाला लागल्यावर येतो तसा करपट-गोड. मधल्या टप्प्यात ओरिएंटलचा आंबटपणा जिभेच्या कडांना कळतो. थोडा धूर नाकावाटे सोडला तर मिरी स्पष्ट लागते. शेवटच्या तृतीयांशात चारही पानं एकजीव होतात आणि चव दाट, जवळजवळ मांसल होते. यासाठीच हा डबा घ्यावा. पण झुरके मिनिटाला दोनतीनच हवेत. भसाभस ओढलं की व्हर्जिनिया तापते, जीभ चावते आणि हातात नुसती राख उरते. पाइपमध्ये गुडगुड ऐकू आली तर दांडीत पाणी साठलंय. पाइप क्लीनर आत सारून टिपून घ्या. गरम पाइपची दांडी उपसू नका, सांधा तडकतो.

ही तंबाखू कडक आहे. रिकाम्या पोटी घेतली तर घाम फुटतो, मळमळतं. तसं झालं तर पाइप खाली ठेवा आणि गुळाचा खडा चघळा. जेवणानंतरच घ्यावी, पण तांबड्या रश्श्यावर लगेच नको, तिखटानं सुन्न झालेल्या जिभेला ओरिएंटल लागतच नाही. पाऊण तास जाऊ द्या. सोबत बिनदुधाचा चहा. दुधाची साय जिभेवर बसली की निम्मी चव गेली. धूर छातीत ओढायचा नसतो, तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका टळत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर गॅलरीतही नको.

कायदेशीर डब्यावर चित्रासह इशारा 85 टक्के जागा व्यापतो. तो नसेल तर घेऊ नका. रोज सकाळी ओढायला नाइटकॅप जड आहे. लटाकियाशी ओळखच करायची असेल तर त्याच घरातली अर्ली मॉर्निंग पाइप हलकी पडेल.

उघडलेला डबा पावसाळ्यात बुरशी धरतो. त्याच दिवशी रबरी कडीच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि बरणी अंधारात ठेवा. वाळली म्हणून बटाट्याची किंवा सफरचंदाची साल आत टाकायची जुनी युक्ती करू नका, बुरशी तिथूनच येते. वरती ओला फडका ताणून तासभर ठेवलं तरी पुरतं. पाइप मात्र लटाकियासाठी वेगळाच ठेवा. ब्रायरचं लाकूड हा वास महिनोन्‌महिने सोडत नाही, आणि त्यात नंतर साधी व्हर्जिनिया भरली तरी वांग्याचं भरीतच लागतं.