ब्यालख ना बा: स्कॉटलंडचा घाट मुलाबाळांसह कसा आहे?

स्कॉटिश हायलँड्समधल्या एकाच रस्त्यासाठी वेळ असेल, तर किशॉर्नहून ॲपलक्रॉसला नेणारा हा घाट निवडावा. नावाचा अर्थ 'गुरांची खिंड'. समुद्रसपाटीजवळून निघालेला रस्ता थेट ६२६ मीटरवर पोचतो. चढ काही ठिकाणी २० टक्के, आणि माथ्याआधी एकापाठोपाठ एक तीव्र वळणं. वर हवा स्वच्छ असेल तर पलीकडे रासे आणि स्काय बेटं दिसतात. ढग उतरले असतील तर बोनेटपलीकडे काही दिसत नाही, म्हणून सकाळी हवामान पाहूनच निघावं.

रस्ता एकपदरी आहे आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते. वाहनं डावीकडूनच चालतात. समोरून गाडी येताना 'पासिंग प्लेस' (गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावं म्हणून ठेवलेली रुंद जागा) डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर पलीकडे जाऊ नका, आपल्याच बाजूला त्या जागेसमोर थांबा, समोरचा आत वळेल. मागच्याला घाई असेल तरी याच जागा वापरून त्याला पुढे सोडा. फोटोसाठी तिथे गाडी लावणं अगदी चूक, मागे रांग लागते. उतरताना सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि पकड कमी होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरा.

कॅरॅव्हॅन, मोठी मोटरहोम किंवा शिकाऊ चालक असेल तर हा घाट नकोच. शील्डेग गावाकडून किनाऱ्याने येणारा रस्ता लांबचा, पण सौम्य; गाडी लागणाऱ्या मुलांनाही तोच बरा. खाली ॲपलक्रॉसच्या खाडीत ओहोटीला वाळू उघडी पडते, मुलं तिथे मनसोक्त खेळतात. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या येतात, डोक्यावरची जाळी जवळ हवीच.